मोहरीर साहेबांची मान

प्रज्ञा आंबर्डेकरच्या हाताला गुण आहे, हे दुबईतल्या करामा आणि अल मनखूलमधल्या निम्म्या मराठी बायकांना ठाऊक होतं. पुण्यात तिनं फिजिओथेरपी केली होती, पण नवऱ्याच्या नोकरीपायी दुबईला आल्यावर ती डिग्री कपाटात गेली. मग एका जर्मन बाईंकडून ती हलक्या हाताचा उपचार शिकली. त्यात तेल नव्हतं, रगडणं नव्हतं, हाडं मोडणं नव्हतं. माणसानं अंगावरच्या कपड्यांनिशी उताणं पडायचं आणि प्रज्ञानं त्याचं डोकं नाहीतर पावलं तळहातांवर धरून बसायचं. "दिरहमच्या नाण्याचं जेवढं वजन, तेवढाच दाब," असं बाई शिकवायच्या. पहिली पाच मिनिटं माणसाला वाटायचं, आपल्याला फसवलं जातंय. दहाव्या मिनिटाला तो घोरायला लागायचा.

नव्याण्णव साली बर दुबई भागातल्या एका एसी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीनं तिला बोलावलं. तिथल्या लेबनीज जनरल मॅनेजरला कुणीतरी सांगितलं होतं की स्टाफ वारंवार आजारी पडतो तो ताणामुळे. त्यानं दर रविवारी आणि बुधवारी सकाळी मीटिंग रूम प्रज्ञाच्या हवाली केली. दरवाजा उघडा राहील, एवढी एकच अट प्रज्ञानं घातली.

पहिल्या आठवड्यात नऊ जण आले. नऊच्या नऊ जणांच्या माना उजवीकडे आखडलेल्या. प्रज्ञाला नवल वाटलं. तिनं सेक्रेटरी वैभवीला विचारलं, "तुम्ही सगळे दिवसभर उजवीकडे काय बघत बसता?"

"सरांची केबिन आहे ना तिकडे," वैभवी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. "डोअर कधी उघडेल, सांगता येत नाही."

सर म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर सदानंद मोहरीर. माणूस वाईट नव्हता. कुणाला शिवी देत नसे, की कुणाची रजा अडवत नसे. पण कुठलंही काम त्यांच्या टेबलावरून एकदा गेलं आणि पुन्हा परत आलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. ड्रॉइंगमधला बाण तिरका आहे, पत्रातलं 'रिगार्ड्स' फार जवळिकीचं वाटतं, फाइलला टाचणी डावीकडून लावा. मुश्ताक हा दापोलीकडचा ड्राफ्ट्समन, बावीस वर्षं दुबईत काढलेला. तो म्हणायचा, "साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समजावून सांगतात."

चौथ्या आठवड्यात मोहरीर साहेब स्वतः आले. बूट काढून जोडीनं नीट ठेवले, टाय सैल केला आणि आपली तक्रार मुद्देसूद मांडली. रोज दुपारी एकच्या सुमारास मानेतून कळ उठते, डोकं ठणकायला लागतं, संध्याकाळपर्यंत काही सुधरत नाही. सात वर्षं झाली.

प्रज्ञानं त्यांचं डोकं ओंजळीत घेतलं. मान लाकडासारखी होती. पंधरा मिनिटांनी साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "मिसेस आंबर्डेकर, सुरुवात कधी करणार?"

"केलीय, सर."

"अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांना झोप लागली.

सहा बैठकांत सात वर्षांची कळ गेली. प्रज्ञाला मनापासून आनंद झाला. इतकी हट्टी मान तिच्या हातांखाली याआधी आली नव्हती. शेवटी ती सुटली तेव्हा साहेबांच्या डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. ते त्यांनी रुमालानं टिपलं आणि रुमालाची पुन्हा पहिल्यासारखी घडी घातली.

त्यानंतरच्या बुधवारी मुश्ताक आला, पण टेबलावर पडला नाही. उभाच राहिला.

"मॅडम, एक विनंती आहे. राग मानू नका. साहेबांची मान होती तशी करता येईल का?"

मग मुश्ताकनं सगळं समजावून सांगितलं. ऑफिस दोन पाळ्यांत चालायचं, सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी चार ते सात. एकला साहेबांचं डोकं धरायचं, ते गोळी घेऊन घरी जायचे आणि संध्याकाळी यायचे नाहीत. सात वर्षं ऑफिसचं खरं काम त्या तीन तासांतच होत होतं. सकाळी साहेबांनी परत केलेलं सगळं संध्याकाळी हातावेगळं व्हायचं आणि साइटवर जायचं. आता साहेब चारच्या ठोक्याला झोप काढून, ताजेतवाने होऊन हजर होत. आठपर्यंत हलत नसत. तीन ड्रॉइंगं पाच वेळा परत आली होती. साइटवरचे फोरमन फोनवरून शिव्या देत होते.

"मी माणसाला बरं करते, मुश्ताकभाई. बिघडवत नाही," प्रज्ञा जरा कडकपणे म्हणाली.

"मान्य आहे, मॅडम. पण एका माणसाला बरं केलंत आणि अठराजण पडले."

हे तिलाही दिसत होतं. यादी नऊवरून अठरावर गेली होती. वैभवीला आता झोपेची गोळी लागत होती. जनरल मॅनेजरला मात्र यादी लांबलेली बघून वाटलं की उपचार फारच लोकप्रिय झालाय. त्यानं आनंदानं आणखी एक दिवस वाढवून दिला. प्रज्ञा त्या दिवशी घरी आली आणि नवऱ्याला, नीलेशला म्हणाली, "माझं काम इतकं चांगलं चाललंय की मला लाज वाटायला लागलीय."

दोन दिवस विचार करून तिनं मार्ग काढला. जर्मन बाई सांगायच्या की उपचारानंतर शरीराला थोडी विश्रांती हवी. थोडी म्हणजे तासभर. प्रज्ञानं तो तास जरा ताणला.

"सर, गुण टिकायचा असेल तर उपचाराच्या दिवशी दुपारनंतर घरी शांत पडून राहायला हवं," ती साहेबांना म्हणाली. "आणि तुमच्या केसमध्ये उपचार रोज केलेला बरा. बाकीच्या दिवशी मी तुमच्यापुरती येऊन जाईन."

साहेबांनी टायची गाठ नीट केली.

"हे मला रायटिंगमध्ये द्याल का?" ते म्हणाले.

तिनं दिलं. वैभवीनं ते पत्र एका दमात टाइप केलं, आणि साहेबांनी त्यातला एक स्वल्पविराम बदलून ते फाइलला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ते एकला घरी जाऊ लागले आणि लेखी सूचनेप्रमाणे संध्याकाळी फिरकले नाहीत.

महिन्याभरात माना मोकळ्या झाल्या. ड्रॉइंगं वेळेवर जाऊ लागली. प्रज्ञाच्या यादीवर आधी सहाजण उरले, मग दोन, मग फक्त साहेब. तिला वाटलं, आपण फार नाजूक काम फार हलक्या हातानं केलं. त्या समाधानात ती पुरते दहा दिवस राहिली. अकराव्या दिवशी जनरल मॅनेजरनं तिला बोलावून कॉफी पाजली. स्टाफ ठणठणीत झालाय, आता कुणाला गरजच दिसत नाही, तेव्हा खलास, आणि मनापासून आभार. शिवाय मोहरीर नसताना संध्याकाळी कामाला किती वेग येतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानं साहेबांना तब्येतीच्या कारणावरून कायमची सकाळची पाळी दिली. साहेबांना तो मोठा मान वाटला.

प्रज्ञा पुन्हा शेजारणींच्या पाठदुखीकडे वळली. तीनेक आठवड्यांनी तिला फोन आला.

"मी अनुपमा मोहरीर. तुम्ही ह्यांना बरं केलंत ना? माझी मान बघाल का?"

मोहरीरांचं घर करामातच होतं. दार साहेबांनीच उघडलं आणि चपला कुठं काढायच्या ते दाखवलं. अनुपमाबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. प्रज्ञानं त्यांच्या मानेखाली हात सरकवला आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"दुपारी एकपासून घरात असतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावलेत. काल कुकरच्या शिट्ट्या लिहून ठेवल्या. पूर्वी बिचारे डोकं धरून अंधारात पडून असायचे हो. मला वाईट वाटायचं." त्यांनी दाराकडे बघितलं. "आता जास्त वाईट वाटतं."

प्रज्ञाला त्या पत्राबद्दल सांगावंसं वाटलं. शब्द ओठांवर आले होते. पण बाहेरून टकटक झाली.

"पंखा दोनवर ठेवू की तीनवर?" साहेबांनी विचारलं.

ती निघाली तेव्हा ते लिफ्टपर्यंत सोडायला आले. "हिला ताण घ्यायची सवय आहे," ते काळजीनं म्हणाले, आणि ती काळजी खरीच होती. "मी इतकं समजावतो."

"त्यांना रोज दुपारी माझ्याकडे पाठवा," प्रज्ञा म्हणाली. "दोन ते पाच. उपचार लांबलचक आहे."

"रायटिंगमध्ये?"

"घरी गेले की लगेच फॅक्स करते."

अनुपमाबाई दुसऱ्या दिवसापासून येऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात प्रज्ञानं त्यांची मान धरली. नंतर त्याची गरज पडली नाही. बाई यायच्या, चहा घ्यायच्या, एसीखाली सोफ्यावर पाय पसरायच्या आणि पाच वाजेपर्यंत गाढ झोपायच्या. प्रज्ञा त्यांना हातही लावत नसे.