डाव्या खांद्यामागचा मोकळा

दोन. चार. चार. पाच. सात.

*

मैदानाच्या कडेला लोखंडी मनोरा आहे, जमिनीपासून साडेचार मीटर. तिथून मुलांची डोकी दिसतात. चेहरे दिसत नाहीत.

*

त्या हिवाळ्यात कालव्यावर बर्फ धरलाच नाही. नुसतं धुकं.

*

सरावात जर्सीवरून घालायचं राखाडी झबलं एकच आहे. ते बाकीच्यांबरोबर धुतात, पण त्यावर नंबर छापत नाहीत.

*

“काय रे, गाईंना पास देत होतास का?”

*

आकडे सिएत्सेचे आहेत. वय सतरा, मधल्या फळीत खेळतो, उत्तरेकडच्या फ्रीजलंड प्रांतातल्या एका दूधवाल्या गावचा. चेंडू पायाला चिकटून राहायचा त्याच्या, पण एक खोट होती. चेंडू येत असला की हा चेंडूकडेच बघत बसायचा, आणि मागे कोण आहे ते त्याला धक्का खाल्ल्यावर कळायचं. म्हणून सप्टेंबरमध्ये आमच्या ट्रेनरने, गेरलोफने, त्याला एकच काम लावलं: चेंडू पोचण्याआधीच्या दहा सेकंदांत खांद्यावरून मागे बघायचं. किती वेळा, ते मोजायचं काम माझं. मी नोर, क्लबची व्हिडिओवाली, मनोऱ्यावर माझीच खुर्ची.

सप्टेंबरला दोन होते. नाताळला सात झाले. अकादमीत सातापर्यंत आजवर कोणी पोचलं नव्हतं.

“मान मोडेल माझी एक दिवस, नोर.”

“मोड की. तेही मोजीन.”

*

मार्चमध्ये निर्णय असतो. आईवडील येतात. कॉफी येते, कॉफीबरोबर एकच बिस्किट, आणि गेरलोफ सांगतो: करार, नाहीतर घर.

ज्याला घर, तोही जूनपर्यंत सरावाला येतच राहतो. शाळेचं वर्ष संपायचं असतं. पण तो आता कुठल्याच संघात बसत नाही, म्हणून त्याला राखाडी झबलं मिळतं. निळे विरुद्ध पिवळे, आणि राखाडी हा ज्याच्याकडे चेंडू असेल त्याच्या बाजूचा. त्याला कोणी धरत नाही. सदा मोकळा. फार जुनी पद्धत आहे आमच्याकडे. त्यात काही वाईट आहे असं कोणाला वाटत नाही, कारण सराव उत्तम होतो.

*

जानेवारी, धुक्यातला सामना, माझी नोंद:

मिनिट १२. डावा खांदा. पास डावीकडे. तिथे कोणी नाही.

मिनिट ३१. डावा खांदा. पास डावीकडे. तिथे कोणी नाही.

मिनिट ५८. तेच. पास मात्र सुंदर होता, अगदी पायात देतात तसा.

गाईंचं विचारलं ते डर्विनने, सामन्यानंतर, बूट सोडता सोडता. डर्विन उजव्या बाजूला खेळायचा. दोघं क्लबने लावून दिलेल्या एकाच बाईंच्या घरी, एकाच खोलीत राहायचे.

“मोकळा होता तो,” सिएत्से म्हणाला.

“तो म्हणजे कोण, राजा?”

“राखाडी.”

सगळी खोली हसली. जानेवारीत राखाडी कोणी नसतो. आणि सामन्यात तर कधीच नसतो.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्या खोलीत आला. हातात ताकाचा डबा, न उघडलेला.

“दाखव ना मला ते.”

मी दाखवलं. धुकं, गवत, पांढरी रेघ.

“इथे होता,” त्याने पडद्यावर बोट ठेवलं. “वीस मीटरवर. हात वर करत नाही, हाक मारत नाही. नुसता मोकळा उभा असतो.”

“चेहरा कसा आहे?”

“दिसत नाही. मी वळतो तेव्हा तोही मागे बघत असतो. त्याच्या खांद्यावरून. दर वेळी.”

“मग त्याच्या मागे काय असतं?”

“तेवढं बघायला वेळ कुठे असतो गं?”

तो डबा या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, “मार्चमध्ये ते झबलं मला मिळणार आहे. म्हणूनच दिसतो तो. मी घरी गेलो ना, तर बाबा एक शब्द बोलणार नाहीत. टेबलावर एक ताट जास्त मांडतील आणि पहाटे धारा काढायला उठवतील. बस. पाच वर्षं संपली.”

मी उगाच काहीतरी करायचं म्हणून फीत मागे नेली, पुढे नेली. आणि तिथे थांबवली.

मी आतापर्यंत फक्त सिएत्सेला बघत होते. समोरच्या संघाच्या चार नंबरच्या बचावपटूकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. सिएत्सेने मान वळवल्यावर तो दोन पावलं आमच्या डाव्या बाजूला सरकला होता. तिथे रिकामं गवत. त्याने एक हात पुढे केला होता, ज्याला धरायचं त्या खेळाडूच्या पाठीवर ठेवतात तसा, तो हलला तर कळावं म्हणून.

तळवा हवेत होता. पण ढिला नव्हता. टेकलेला होता.

*

मी गेरलोफला दाखवलं, सिएत्सेला काय दिसतं तेही सांगितलं. तो साठीचा, आणि फीत बघताना कधी बसत नाही. दहा मिनिटं उभ्याने बघत राहिला.

“असं किती वेळा झालंय?”

“चौदा वेळा. वेगवेगळे बचावपटू. प्रत्येक जण सरकतो.”

मला वाटलं विचारेल, कोणाला धरतायत हे? नाही विचारलं.

“म्हणजे उजवी बाजू उघडी पडते,” तो म्हणाला. “त्याला सांग, बघ त्याच्याकडे. खुशाल बघ. देऊ मात्र नकोस.”

“ट्रेनर, पोरगा घाबरलाय.”

“करार हवाय ना त्याला? मग घाबरलेला असताना बघ म्हणावं, आणि उजवीकडे दे.”

*

फेब्रुवारी. पाच सामने, पाच विजय.

सिएत्से डावीकडे बघायचा, समोरचा अख्खा संघ हातभर डावीकडे झुकायचा, आणि चेंडू उजवीकडे डर्विनच्या पायात. डर्विनने सहा गोल केले. मिठ्या मारायचा, ओरडायचा, “गाई गेल्या रे, आता माणसांना देतोय!”

पाचव्या सामन्यानंतर सिएत्से माझ्या मनोऱ्याच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. वर आला नाही.

“तो जवळ येतोय, नोर. चेंडू मिळत नाही ना त्याला.”

“किती जवळ?”

“श्वास ऐकू येतो.”

“रागावलाय का?”

त्याने खरोखर विचार केला. “नाही. धापा टाकतोय. तोही पूर्ण सामना खेळलाय.”

*

मार्च. कॉफी, बिस्किट.

सिएत्सेला करार. त्याच्या आईने गेरलोफचा हात दोन्ही हातांत धरला. वडील खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, “बरं.” त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

डर्विनला घर.

“सहा गोल केलेत त्याने,” मी दारात गेरलोफला म्हटलं.

“रिकाम्या जागेतून. तिथे तूही केले असतेस.”

*

एप्रिलमधला पहिला सराव. स्वच्छ ऊन, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं लख्ख. निळे, पिवळे, आणि राखाडी झबल्यात डर्विन.

“अंगाला बसतंय का रे?” कोणीतरी म्हणालं.

“मला काय, गोणपाटही शोभतं,” तो म्हणाला, आणि सगळे हसले, तोही.

मी मोजत होते. सिएत्सेने चेंडू यायच्या आधी डर्विनकडे एकेचाळीस वेळा बघितलं. पास शून्य.

“सिएत्से! इथे!” डर्विन ओरडत होता. “अरे मी आहे! इथे आहे मी, आंधळ्या!”

सिएत्से बघायचा, आणि दुसरीकडे द्यायचा. खेळ अप्रतिम झाला. गेरलोफने एकदा टाळी वाजवली. तो टाळी वाजवत नाही कधी.

सराव संपल्यावर डर्विन शिडी चढून वर आला. त्याला वर येताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“नोर, एक विचारू? मी येतो ना गं व्हिडिओत?”

“वेड्यासारखं काय बोलतोस?”

“बघून सांग.”

“बघते.”

तो खाली गेला. मी सिएत्सेला गाठलं, सायकली लावायच्या जागेपाशी. हँडल धरून उभा होता, निघत नव्हता.

“तुझा मित्र आहे तो. एकदा तरी द्यायचास.”

“दोघांपैकी कुठल्याला?”

मी वळून रिकाम्या मैदानाकडे बघितलं.

“दोन दिसतात मला,” तो म्हणाला. “झबलं तेच, उंची तीच. चेहरा बघेपर्यंत चेंडू आलेला असतो. चुकून त्या दुसऱ्याला दिला तर? परत तेच सुरू. करार एक वर्षाचाच आहे, नोर. पुढच्या मार्चला पुन्हा कॉफी आहे.”

“हाक मारत होता तो तुला. आवाज तरी ओळखतोस ना?”

“दोघंही मारत होते,” सिएत्से म्हणाला, आणि सायकलीवर टांग टाकून निघून गेला.

*

मी फीत बघितली. डर्विन होता. प्रत्येक वेळी होता, लख्ख उन्हात, हात वर, पूर्ण मोकळा. एकही बचावपटू त्याच्याकडे सरकला नाही. एकानेही हात पुढे केला नाही.

मी एक एक करून सगळे एकेचाळीस बघितले. तिसाव्यापर्यंत त्याचा हात वर होता. मग खांद्याइतका. मग खाली. एकेचाळिसाव्या वेळी सिएत्सेने मान वळवली, तेव्हा डर्विन त्याच्याकडे बघतच नव्हता. चेहरा दिसत नव्हता. तो आपल्या खांद्यावरून मागे बघत होता.

डर्विनला मी सांगितलं, “आहेस की.” तो “बरं” म्हणाला. जूनपर्यंत त्याने एकही दिवस चुकवला नाही, आणि जूनपर्यंत माझ्या नोंदीत त्याच्या नावापुढे सिएत्सेकडून आलेले पास शून्यच राहिले.

*

नऊ वर्षांचा असताना सिएत्से या क्लबच्या चाचणीला पहिल्यांदा आला, तेव्हा तो गोलरक्षक होता. त्याच्या मागे जाळीशिवाय कोणी नसायचं.