झुलालच्या तीन फिती

झुलाल शिपाई सुट्टीवर आला ते एकोणीसशे त्रेपन्न साल होतं. त्याच्या डाव्या बाहीवर, मनगटाजवळ, उलट्या 'व्ही'च्या आकाराच्या तीन फिती होत्या. म्हाताऱ्या पुना आबांनी त्यांवर बोट ठेवून विचारलं, "एक फीत म्हंजे एक दुश्मन शे का रे भाऊ?"

झुलाल नुसता हसला. हसण्याचा अर्थ गावाने आपल्या सोयीने लावला. दोन दिवसांत तीन दुश्मनांचे तीन गोरे कर्नल झाले.

मग धुळ्याला लग्न निघालं; पुना आबांसकट अर्धं गाव जाणार होतं. बायको सुंदरबाईने वर्दी धुतली, इस्त्री केली आणि फिती उसवून डाव्या दंडावर शिवल्या. टोकं वर होती, ती तिला उलटी वाटली म्हणून खाली केली.

झुलाल हबकला. "अगं, हे काय केलंस? दंडावर तीन फिती हवालदाराच्या असतात!"

"इतल्या खाले कोणले दिसतीन? वर लाई दिध्यात."

गाडीला बैल जुंपले होते, उसवायला वेळ नव्हता. शिवाय आरशात त्या दंडावर बऱ्या दिसत होत्या. धुळ्यात कोण लष्करातलं भेटणार, असं म्हणून तो निघाला.

मांडवात नेमके नवरदेवाचे मामा पेन्शनर सुभेदार निघाले. मोतीलाल सुभेदारांनी झुलालला एकदा डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"जवान, तू डाव्या बाजूने हवालदार आणि उजव्या बाजूने शिपाई कसा?"

झुलाल खाडकन टाचा जुळवून उभा राहिला. वाढपी थांबले. पंगतीत हातातला घास हातातच राहिला.

"साहेब, बायकोने शिवल्या."

"बढती बायकोने दिली?"

"नाही साहेब. या चांगल्या वर्तणुकीच्या फिती आहेत. खाली मनगटाजवळच्या."

"मग सांग सगळ्यांना त्यांचा अर्थ."

झुलालने घसा साफ केला. ठरावीक वर्षं शिक्षा न होता गेली की एक फीत मिळते, असं त्याने सांगितलं. भांडण नाही, दारू नाही, उशीर नाही, उलट उत्तर नाही.

पुना आबांचा चेहरा पडला. "म्हंजे बठ्ठं नुसतं गप बसानं? कर्नल एक बी नही?"

"एकही नाही, आबा. मी खेचरांच्या तुकडीत आहे. खेचरं लाथा मारतात, मी सोसतो."

सगळी पंगत हसली. सुभेदार मात्र हसले नाहीत. त्यांनी झुलालला शेजारी बसवून घेतलं. "मला दोनच मिळाल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "एक काढून घेतली. एका अधिकाऱ्याला मी खेचर म्हणालो होतो."

परतताना गाडीत झुलाल घुश्शात होता. सुंदरबाई एकेक टाका उसवत होती.

"इतला वरीस कोणले उलटं बोलनात नहीत?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग मन्हासंगे कसं जमत नही?"

झुलालला उत्तर सुचलं होतं. ते त्याने पार गावची वेस येईपर्यंत तोंडात धरून ठेवलं आणि शेवटी गिळलं.