मामाने दुसरीही डिस्क काढली

मामाच्या कॉम्प्युटरमध्ये तीन हजार एकशे बारा घड्याळांची टिकटिक साठवलेली आहे. दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक घड्याळाची टिकटिक तो अर्धा मिनिट रेकॉर्ड करतो. आधी हा नुसता छंद होता. मग दोन वर्षांपूर्वी त्याचे कान गेले. सगळे नाही, बारीक आवाजांपुरतेच. माणसं ऐकू येतात, घड्याळं येत नाहीत. उलटं झालं असतं तर धंद्याला बरं पडलं असतं.

तेव्हापासून तो टिकटिक बघतो. आजारी घड्याळाचा आवाज पडद्यावर रेघेच्या चढ-उतारात दिसतो. त्याच बनावटीच्या निरोगी घड्याळाची जुनी रेघ शेजारी लावायची, की कुठे काय अडतंय ते मामाला कळतं. गिऱ्हाइकासमोर मात्र तो घड्याळ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि "हं" म्हणतो. हे मला आणि त्याला सोडून कुणाला माहीत नाही. त्या रेघा गेल्या, तर दुकानाला कुलूप.

म्हणून मागच्या आठवड्यात मी म्हटलं, "मामा, तुझा कॉम्प्युटर टिकटिक करतोय."

त्याने पडद्यावर रेघ काढून बघितली. "ठोका नियमित आहे. चांगला चाललाय की."

"डिस्कने टिकटिक करायची नसते. ती जायला आलीये."

मग मी दोन कप्प्यांची एक पेटी आणि दोन नव्या डिस्क आणल्या. एकीवर जे लिहिलं जाईल, तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी आहेच.

"म्हणजे आरसा," मामा म्हणाला.

"हो."

"आणि मीच चुकून एखादी रेघ पुसली तर?"

"दोन्हीकडून जाणार."

"मग हा कसला राखणदार? मी विहिरीत उडी मारली की मागून तोही मारणार." त्याने पेटीकडे जरा आदराने बघितलं. "आरसा मात्र एकदम प्रामाणिक."

यावर उपाय म्हणून तिसरी प्रत आईकडे ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे नुसतं ठरलं. सगळ्या रेघा जुन्या डिस्कवरून पेटीत आल्या. मी जुनी डिस्क आईकडे न्यायला शोधू लागले, तर ती मामाच्या टेबलावर अकरा स्क्रूंसह उघडी पडलेली.

"ही का उघडलीस?"

"टिकटिक का करते ते बघत होतो. आत स्प्रिंग नाही, चक्र नाही. एक चकचकीत तबकडी नि एक हडकुळा हात. कमाल आहे!" तबकडीवर त्याच्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा होता.

म्हणजे आता जगात फक्त पेटी.

आज सकाळी मी त्याला पेटी नीट समजावून दिली. आरसा खरा की खोटा ते बघायला एक डिस्क ओढून काढली. रेघा होत्या तशाच उघडल्या. मामाने टाळी वाजवली. मी डिस्क परत आत घातली, दिवा पिवळा झाला, आणि मी मागे घरात अंघोळीला गेले. इथे माझी चूक झाली. बाहेर गेलेल्या डिस्कवर पेटी विश्वास ठेवत नाही, तिला पहिल्यापासून पुन्हा भरून घेते, आणि त्याला पाच तास लागतात, एवढं एक सांगायचं राहिलं.

केस पुसत आले तर दोन्ही कप्पे रिकामे.

"तू एक बाजू तपासलीस," मामा म्हणाला. "दुसरी नको तपासायला?"

"कधी काढलीस?"

"तू गेल्यावर लगेच. मग काही उघडेना, म्हणून पहिलीही बाहेर घेतली."

पडद्यावर लिहिलं होतं: संच सापडला नाही. नवा संच तयार करायचा? दोन्ही डिस्कवरचं सर्व पुसलं जाईल. होय. नाही.

"विचारतंय तर नम्रपणे," मामा म्हणाला. त्याचं बोट 'होय'च्या वर होतं.

"हात मागे घे, मामा!"

त्याने घेतला. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांचं सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ आज मिळणार होतं. "झालं का हो?" म्हणून त्या स्टुलावर बसल्या.

"बसा, डॉक्टर. जरा भूल उतरायची आहे," मामा म्हणाला.

टेबलावरच्या ट्रेमध्ये दोन डिस्क होत्या. मामाला चिकट काही चालत नाही, म्हणून त्याने आल्याबरोबर दोन्हींवरची लेबलं स्पिरिटने पुसून टाकली होती. दोन्ही हुबेहूब. त्यांतली एक पूर्ण, दुसरी अर्धवट भरलेली. मी कुजबुजले, "मी काढलेली आता अर्धवट आहे. चांगली कुठली ते कसं कळणार?"

आता मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच येडी.

"अगं, ट्रे बघ की. काढलेला भाग डावीकडून उजवीकडे ठेवायचा, निघाला त्या क्रमाने. चाळीस वर्षं हेच करतोय. तू काढलेली डावीकडे, आणि तू जिला हात लावला नाहीस ती..." तो थांबला. "पण दुसरी बाजू मी आधी काढली ना. म्हणजे डावीकडची तीच चांगली. तू काढलेली उजवीकडे."

"नक्की?"

"घड्याळ जोडताना नक्की नसलं तर स्क्रू उरतो. माझ्याकडे उरत नाही."

मी 'नाही' दाबलं. डावीकडची डिस्क एकटीच, पेटीबाहेरच्या वायरने जोडली. काहीच नाही. मग दिवा लागला. मग यादी आली, वर आकडा: तीन हजार एकशे बारा. मी एक फाइल चालवली. रेघ चढत-उतरत सरकू लागली.

मामा पडद्याकडे बघत राहिला. रेघ तर होती. पण रेघेमागे आवाज आहे, की नुसतं चित्रच वाचलंय, हे त्याला कसं कळणार? तो हळू बोलायचं विसरला.

"अगं, वाजतंय का? मला ऐकू येत नाहीये. तू सांग, वाजतंय का?"

खोलीत टिकटिक चालू होती. डॉक्टरीणबाईंनी एकदा स्पीकरकडे बघितलं, एकदा मामाकडे.

"वाजतंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्हाला घड्याळ ऐकू येत नाही?"

मामाने त्यांचं घड्याळ उचललं. सवयीने ते कानाकडे निघालं, अर्ध्या वाटेत थबकलं आणि खाली आलं.

"नाही," तो म्हणाला. "दिसतं."

त्या उठल्या, स्टूल ओढत टेबलाच्या आतल्या बाजूला आल्या आणि मामाच्या खांद्यावरून पडद्यात डोकावल्या.

"मीही एक्स-रेशिवाय दाताला हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "माझं दाखवा बघू."