रस्त्यात राहिलेला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. हसा, मला सवय आहे! एका मोडक्या चौकटीतून सुताराने मला तिरका कापला आणि तेव्हापासून मी अडलेल्या गाड्या ओढणाऱ्या ट्रकवर नोकरीला आहे. मी चाकामागे ठाण मांडतो, म्हणून ट्रकला ओढता येते. पण काम फत्ते झाले की लोक ट्रकची पाठ थोपटतात. माझ्या वाट्याला चिखल!

चक्रीवादळानंतरची ती सकाळ मात्र काय सांगू! रस्ताभर फांद्या आणि उडालेले पत्रे. चढावरच्या वळणावर एक गाडी घसरून चरात रुतलेली. आत जावई, सासूबाई आणि प्राणवायूची टाकी. घरी वीज नव्हती, त्यामुळे आजारी सासऱ्यांचे प्राणवायूचे यंत्र बंद. त्यांची आधीची टाकीही संपत आली होती.

“जावईबापू, फांदी चुकवा म्हटलं होतं, रस्ता नव्हे!” सासूबाई कडाडल्या.

“आधी गाडी वर येऊ द्या, मग भांडा,” ट्रकवाले मामा म्हणाले.

त्यांनी मला ट्रकच्या मागच्या चाकाला टेकवले. तार ताणली. गाडी हलेना, उलट ट्रकच मागे सरकू लागला! चाक माझ्या उरावर चढू पाहत होते. मी करकरलो, पण जागा सोडली नाही. आणि गाडी तसूतसूने वर आली!

एकच जल्लोष! मामा दुसऱ्या अडलेल्या गाडीकडे भरधाव निघाले. मी वळणावर, रस्त्याच्या मधोमध.

“थांबा! ठोकळा राहिला,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तिकडे बाबा वाट बघताहेत!” जावई म्हणाले.

“मागून येणाऱ्याचीही कुणीतरी बघत असेल.”

त्या उतरल्या, दोन्हीकडे पाहिले, मला उचलले. कडेला पोचतात न पोचतात तोच एक मोटारसायकल सुसाट आली. बाप पुढे, लेक मागे. बरोब्बर माझ्या जागेवरून गेली! जावयांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

घरी टाकी लागली. सासऱ्यांना हुशारी आली, तसा पहिला प्रश्न, “हे लाकूड कशाला आणलंस गं?”

“मी कुठलं आणायला? त्यानेच आम्हाला आणलं.”

मित्रांनो, एवढे कौतुक मला जन्मात मिळाले नव्हते! मामा मला न्यायला आले ते कान पकडूनच. आता मी चाकामागे बसलो, की मला दोरी बांधून तिचे टोक ते ट्रकच्या दाराला बांधतात, म्हणजे निघताना माझी आठवण होते.

वादळानंतर गाडी हळू हाका. अडलेल्याला जरूर हात द्या. आणि निघताना एकदा मागे वळून पाहा. आपण केलेली मदत दुसऱ्याच्या वाटेत तर पडलेली नाही ना?