सांताचा तुटका दात

मला सगळं कळतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरी येणारा प्रत्येक जण मी बहिरा असल्यासारखा माझ्याशी ओरडून बोलतो. जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. लिहायला गेलो तर अक्षर सापडत नाही. तोंडातून फक्त ‘ला, ला’ एवढंच निघतं. हिंजवडीत मीटिंगा गाजवणाऱ्या माणसाची ही गत!

जिना चढवेना म्हणून कासारसाई गावातल्या आमच्या घरमालकीण रंभाबाई यांनी आपली खालची खोली आम्हाला दिली आणि त्या वर राहायला गेल्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याच खोलीत मी पडून होतो आणि माझा सगळा जीव एका लाडवात अडकला होता.

आमच्या घरची रीत अशी. माझी सात वर्षांची लेक किमया खिडकीला माझी माकडटोपी अडकवते, कारण मोज्यात काही मावत नाही असं तिचं ठाम मत. खाली सांतासाठी रंभाबाईंचा डिंकाचा लाडू ठेवते. सकाळी टोपीत भेट असते आणि लाडू अर्धा खाल्लेला. खाणारा अर्थातच मी. लहानपणी दाताने ऊस सोलताना माझा पुढचा दात अर्धा तुटला, त्यामुळे मी चावलं की मध्ये एक उंचवटा राहतो. मिशीआड तो दात कुणाला दिसायचा नाही. पण लाडवावरची खूण किमयाने हेरली होती.

“बाबा, आपल्या सांताचा दात तुटलाय,” ती माझ्या कानात म्हणाली होती. “कुणाला सांगू नका हं, त्याला वाईट वाटेल.”

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांता म्हणजे आईबाबाच असतात, असं वर्गातल्या पियूषने म्हटलं, तेव्हा किमया मला म्हणाली होती, “त्याला काय माहीत! आपल्याकडे पुरावा आहे.”

आणि आता क्षितिजा, माझी बायको, खाली वाकून सांगत होती, “दुर्बीण आणलीये तिच्यासाठी. लाडूही मी खाईन. तू काळजी करू नकोस.”

मी डाव्या हाताने लाडवाकडे दाखवलं, मग दातावर बोट आपटलं.

“लाडू हवाय? घशात अडकेल रे.”

मी पुन्हा दातावर बोट आपटलं. “ला, ला!”

रंभाबाई दारातूनच म्हणाल्या, “आवं, दात दुखतुया त्यांचा. थांबा, लवंग आनते.”

दोघींनी मिळून माझ्या दाताखाली लवंग धरली. मी संतापून हात झटकला. “चिडचिड लई वाढली हाय,” रंभाबाई म्हणाल्या. क्षितिजाचे डोळे भरून आले. मी भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी किमया धावत आली. दुर्बिणीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, आधी लाडू उचलला. क्षितिजाचे दात सरळ, चावा अगदी गुळगुळीत. किमयाचा चेहरा उतरला. ती लाडू घेऊन माझ्या पलंगावर चढली.

“बाबा, हा आपला सांता नाही. आपला कुठे गेला?”

इथेच आहे, बाळा. मला बोलायचं होतं. नुसताच ओठ एका बाजूला ओढला गेला. हॉस्पिटलात काढलेली मिशी मी पुन्हा ठेवलीच नव्हती, तुटका दात उघडा पडला. किमया माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग लाडवाकडे. मग परत माझ्या तोंडाकडे.

ती ओरडली नाही, रडली नाही. लाडू माझ्या दातांना लावून हळूच म्हणाली, “चावा ना, बाबा.”

मी जीव खाऊन जबडा आवळला. लाडवाला ओरखडासुद्धा उठला नाही. माझी लाळ तिच्या बोटांवरून ओघळली. तिने ती फ्रॉकला पुसली.

स्वयंपाकघरातून क्षितिजाने विचारलं, “आला का गं सांता?”

किमयाने दाराकडे एकदा पाहिलं. दिवाळीतच तिचा पुढचा दात पडलाय, नवा अजून यायचाय. आईने चावलेल्या जागीच तिने लाडू कचकन चावला. मध्ये उंचवटा राहिला. तो तिने नीट निरखला, घास पटकन गिळला.

“आला होता, आई! आपलाच होता!”

“मग? दुसरा कोण येणार!” क्षितिजाच्या आवाजात कित्येक महिन्यांनी हसू होतं.

किमयाने माझ्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली.