चेहऱ्याचं काम सकाळचं

देवळाच्या समितीच्या बाई देवी बघायला आल्या, तेव्हा मी बाबांच्या पायाची नखं कापत होते. उजवा पाय झाला होता, डावा बादलीत भिजत होता. "चालू द्या तुमचं, मी बघते तोवर," असं म्हणून त्या चपला काढून कारखान्यात शिरल्या. आमचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. वर पत्रा, भिंतीला टेकवलेले सागवानाचे ओंडके, खिडकीखाली बाबांचं जुनं कामाचं टेबल आणि सध्या मधोमध चार फुटी देवी. मधलं दार आम्ही दीड वर्षापूर्वीच काढून टाकलंय, बाबांना पलंगावरून काम दिसावं म्हणून. त्यामुळे बाई देवीपुढे किती वेळ गप्प उभ्या आहेत, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. आवडलेली माणसं इतका वेळ गप्प राहत नाहीत.

मी हात पुसून गेले.

"काम सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "सिंहाची आयाळ तर बघत राहावी अशी. पण राग मानू नका हं. देवी दमलेली वाटते."

"दमलेली?"

"म्हणजे बघा, आमच्याकडे बायका दिवसभराचं सगळं उरकून संध्याकाळी येणार. दोन मिनिटं देवीच्या तोंडाकडे बघणार. तिच्याही तोंडावर तेच दिसलं, तर त्यांनी जायचं कुठे?"

बाई वाईट नाहीत. उगाच खुसपट काढायला आल्या असत्या तर मी दोन शब्द सुनावले असते, तेवढी जीभ मला आहे. पण त्यांचं खरं होतं. मला ते महिनाभर आधीच कळलं होतं, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पंधरा दिवसांनी परत येते, चेहऱ्याचं तेवढं बघा, असं सांगून बाई गेल्या.

चेहऱ्याचं तेवढं बघा! डोकं आणि धड एकाच ओंडक्यातलं आहे. पाठीमागचे सहा हात वेगळे कोरून खुंट्यांनी बसवलेत, त्यातला एखादा बिघडला तर काढून दुसरा करता येतो. चेहऱ्याचं तसं नसतं. खालच्या पापणीखाली आता जाड कागदाइतकं लाकूड उरलंय. तेवढंच काढायला मिळणार, एकदाच. चुकलं की सात महिन्यांचं काम चुलीत.

लहानपणी बाबा आम्हा चौघांना भुशाच्या पोत्यांवर बसवून ही मूर्ती शिकवायचे. चौघं म्हणजे दादा, ताई, मी आणि धाकटा. बाबा एकेका हातावर पटाशीचं टोक ठेवायचे आणि आम्ही ओरडून सांगायचं. त्रिशूळ कुणाचा? शंकराचा. चक्र? विष्णूचं. शंख वरुणाचा, धनुष्य आणि बाण वायूचे, वज्र इंद्राचं, तलवार आणि ढाल काळाची. सिंह? हिमालयाचा. रेड्याचं रूप घेतलेला राक्षस कुणाला आवरेना, म्हणून सगळ्यांनी आपापलं सगळ्यात चांगलं हत्यार तिला दिलं. "आणि एवढी लढाई चाललीय, तर चेहरा कसा?" बाबा विचारायचे. "शांत!" आम्ही घसा फाटेस्तोवर किंचाळायचो, आणि बाबा कान झाकून हसायचे.

सगळा जोर हातांत, चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही. या मूर्तीचा अर्थ तेवढाच, असं बाबा म्हणतात. शांत आणि दमलेला यांत लाकडाच्या हिशेबाने फार अंतर नसतं. पापणी केसभर खाली आली, ओठाचा कोपरा जरासा सुटला, की झालं. म्हणून बाबांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी चाळीस वर्षं मोडला नाही. चेहऱ्याचं काम सकाळचं. रात्रभर झोप झाल्यावर, आंघोळ करून, दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी. दमलेल्या हाताने सिंह करा, रेडा करा, दागिने करा, पण चेहऱ्याला पटाशी लावायची नाही.

मी तो नियम मोडला. रोज दुपारी दोन ते चार, बाबा गोळी घेऊन झोपतात तेव्हा, मी हा चेहरा केलाय.

दीड वर्षापूर्वी बाबांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि उजवी बाजू गेली. ज्या हाताने शेकडो देव घडवले तो हात आता उशीवर ठेवावा लागतो, नाहीतर पलंगाखाली लोंबतो. जीभही जड झाली. त्यांचं बोलणं कळतं ते मला एकटीलाच, त्यामुळे फोनवर मीच दुभाषी. आणि दुभाषी अगदी बेइमान! बाबा म्हणतात, "पाठ सोलून निघालीय." मी सांगते, "बरे आहेत, तुझी आठवण काढतात."

माझी भावंडं वाईट आहेत असं कुणी समजू नये. सगळ्यांनी दिलं. दादाने चाकांची खुर्ची पाठवली, उत्तमातली. ती न्हाणीघराच्या दारातून जात नाही एवढंच. ताईने पलंग पाठवला, दांडा फिरवला की डोक्याकडून उचलतो. दांडा मी फिरवते. धाकट्याने तर कमालच केली. बाबांच्या पलंगासमोर भिंतीवर कॅमेरा बसवून दिला, म्हणजे तिघांनाही आपापल्या गावी बसून फोनवर बाबा दिसतात. तेव्हापासून मला दिवसातून चारदा कळवण्यात येतं की बाबांचं पांघरूण सरकलंय. प्रत्येकाने आपापलं हत्यार माझ्या हाती दिलं आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. त्या गोष्टीतले देवही नंतर कुठे गेले, हे आम्ही पोत्यावर बसून कधी विचारलंच नाही.

मला काही फार नको होतं. आठवड्यातल्या दोन सकाळी हव्या होत्या. शुक्रवारी रात्री कुणीतरी यावं, शनिवार-रविवार बाबांचं बघावं, म्हणजे मी झोपेन आणि उठून चेहऱ्याला बसेन. हे वाक्य मी भांडी घासताना किती वेळा म्हणून पाहिलंय. फोन आला की नेमकं घशात अडकतं. कारण हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे असताना, मीच ताठ मानेने म्हणाले होते, "बाबांना मी सांभाळीन. तुमची कुणाची गरज नाही." मस्ती, दुसरं काय? आता तीच मस्ती गळ्यात अडकलीय, गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

बाई गेल्यावर बाबांनी डावा हात हलवून मला बोलावलं. "खुर्ची आण." मी त्यांचा पाय पुसला, त्यांना काखेत धरून खुर्चीत बसवलं आणि देवीपुढे नेलं. खुर्ची निदान इथे तरी जाते. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा देवीच्या कपाळावर ठेवला आणि सावकाश खाली आणला. भुवई, पापणी, पापणीखालचा खळगा. तिथे अंगठा थांबला.

"चेहरा कधी केलास?"

"गेल्या महिन्यात."

"वेळ कुठली?"

"सकाळीच की," मी म्हणाले.

बाबांनी अंगठा काढून घेतला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "सकाळी तू मला धूत होतीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं पकडलं गेलं याचाच राग असणार, पण निघाला सगळा त्यांच्यावर. "मग करू कधी? सहाला तुम्ही उठता. साफसफाई, आंघोळ, चादरी, भरवणं, मालिश, यात बारा वाजतात. तुम्ही झोपता तेव्हाच माझे हात मोकळे होतात ना? दुपारी केला चेहरा! डोळ्यांवर झोप असताना केला! नसता केला तर झालाच नसता!"

बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारी माणसावर कुणी असं ओरडतं का? त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. तो डोळा आजारपणापासून तसाही गळत असतो, त्यामुळे काय समजायचं ते कळेना. मी पदराने पुसायला गेले तर त्यांनी मान बाजूला घेतली.

"पटाशी ठेव," ते म्हणाले. "आता हात लावू नकोस तिला."

"पंधरा दिवसांनी बाई येणार आहेत, बाबा."

"आधी झोप."

"झोपा काय झाडाला लागल्यात?"

बाबा मान वळवून मधल्या चौकटीतून पलंगाकडे बघत बसले, आणि मग पलंगासमोरच्या भिंतीकडे. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

"तो काय बघतो?"

"तुम्हाला. धाकट्याने नाही का लावला?"

"मला काय बघायचंय?" बाबांचा अर्धा ओठ वाकडा झाला. हसताना हल्ली तसाच होतो. "मी पडलेला असतो. इकडे फिरव." त्यांचं बोट खिडकीखालच्या स्टुलाकडे होतं, मी कामाला बसते त्या.

"बाबा, उगाच काहीतरी काय? ते घाबरतील."

"ठकी." ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. मी जन्मले तेव्हा बाबांनीच ठेवलेलं नाव आहे ते. आजारपणापासून तो शब्द त्यांच्या तोंडून फारसा निघत नाही, फार अवघड जातो. "फिरव म्हणतो ना."

मी टाचा उंचावून कॅमेऱ्याचं तोंड चौकटीतून कारखान्याकडे वळवलं. मग येऊन माझ्या स्टुलावर बसले. बसायचं काही ठरवलं नव्हतं. केस भुशाने भरलेले, कोपरापर्यंत साबणाचं पाणी सुकलेलं, आणि कुणापुढे नीट बसावं एवढीही इच्छा उरलेली नव्हती.

पाच मिनिटांत फोन वाजला. दादा. तो जेवणाच्या सुट्टीत बाबांना बघतो.

"अगं, बाबा कुठायत? पलंग दिसत नाहीये. कॅमेरा हलला वाटतं."

"हलला नाही. बाबांनी फिरवायला लावला."

"का? काय झालं? बरे आहेत ना?"

"बरे आहेत. हे काय, देवीपाशी बसलेत." तोंडातून सवयीने आलं.

तो फोन कानाचा काढून पडद्याकडे बघत असावा. मला त्याच्या ऑफिसातला गलका ऐकू येत होता, कुणाचा तरी डबा उघडल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज. दीड वर्षात त्याने मला नीट पाहिलेलंच नव्हतं. कसा पाहणार? मी त्या चौकटीत यायचे ती पाठमोरी, चादर बदलताना.

"ठकी," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "दमलेली दिसतेस ग."

समितीच्या बाईंचेच शब्द. "छे रे, मी ठीक आहे" हे उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. इतक्यात टक्, टक् असा आवाज आला. बाबा डाव्या हाताच्या बोटाच्या हाडाने खुर्चीच्या दांड्यावर वाजवत होते. आम्ही शिकत असताना पटाशी चुकीच्या जागी ठेवली की खिडकीखालच्या टेबलावर असंच वाजवायचे. त्याचा अर्थ एवढाच असायचा की थांब, उचल, नीट बघून परत ठेव.

"हो," मी म्हणाले. "खूप दमलेय, दादा. आता माझ्याने एकटीने होत नाही."

बोलल्यावर रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. तो फोनवर "अगं, अगं" करत राहिला. मग म्हणाला, "सांग, काय पाठवू?"

"काही पाठवू नकोस. तू ये. शुक्रवारी संध्याकाळीच ये. शनिवारची सकाळ मला हवीय, चेहऱ्याचं काम आहे. सकाळी करायचं असतं, विसरला नसशील तर."

"नाही विसरलो," दादा म्हणाला.

"आणि बाबांच्या डाव्या पायाची नखं राहिलीत. ती मी आता कापत नाही. तुझ्यासाठी ठेवते."