न केलेल्याची माफी

सफूराबी उमऱ्याला निघाली होती, आणि निघण्याआधी तिला अख्ख्या पनवेलची माफी मागायची होती. रीतच तशी. मक्केला जायचं तर आधी दारोदार जाऊन म्हणायचं, बोललं-चाललं माफ करा. अल्ला त्याच्या हक्काचं माफ करतो, पण माणसाच्या हक्काचं माणसानंच माफ करायला लागतं.

बरोबर मुलगा अरबाज. बाप गेलेला, त्यामुळे आईसोबत जाणारा तोच. सकाळपासून मोहल्ला पालथा घालून झाला. प्रत्येक घरात सरबत, प्रत्येक घरात "आमच्यासाठी पण दुआ कर हां बेटा." अरबाज मान हलवायचा आणि पाय नाचवत बसायचा. कधी एकदा संपतंय असं झालं होतं त्याला. लोक त्याला आधीच हाजी समजून बोलत होते आणि त्याच्या मनात भलतंच चाललं होतं.

टूर त्यानंच शोधली होती. आधी जॉर्डन, मग मस्जिद-ए-अक्सा, मग मक्का-मदिना. अम्मीला अक्साचं नाव सांगून पटवलं. खरं कारण जॉर्डनमधलं पेट्रा. डोंगर कोरून केलेलं शहर, दोन हजार वर्षांपूर्वीचं.

जासईच्या कंटेनर यार्डात तो सर्व्हेअर होता. दार उघडायचं, आतून परक्या देशाचा वास यायचा, डाग-खड्डे बघायचे, दार बंद. जॉर्डनच्या अकाबा बंदरातून कंटेनर आला की वाटायचं, यातच बसावं आणि उलटं जावं. घरी आला की नेटवर. ज्यू कोकणात कसे आले, रोमन कुठे गेले, बामियानला बुद्ध कोणी कोरले. शिकवणारं कोणी नाही, सापडेल ते वाचायचं. पेट्रानं तर त्याला झपाटलंच होतं.

पण टूरवाल्या इलियासभाईनं मीटिंगमध्येच सांगून टाकलं होतं, "पेट्राला आपण जात नाय. अजाबाची, अल्लाच्या कोपाची जागा. समूद नावाच्या कौमनं नबीचं ऐकलं नाही, अल्लानं एका आवाजात सगळे संपवले." अम्मीनं सगळ्यांच्या आधी कानाला हात लावला होता.

मग अरबाजनं ठरवलं. अम्मानला सगळे मजारींच्या जियारतीला निघाले की ताप आलाय म्हणून हॉटेलवर राहायचं. आणि बस पकडायची. कोणाला कळायचं कारणच नाही.

मोहल्ला झाल्यावर खांदा कॉलनीत चंद्रावतीकाकूचं घर. पूर्वीची शेजारीण. नळावरून दोघी अशा भांडायच्या की अख्खी आळी पाणी भरायचं सोडून ऐकायची.

"चंद्रा, उमऱ्याला चाललेय. बोललं-चाललं माफ कर."

"माजी कलशी गटारात टाकलीस ती पन?"

"ती पण."

"मला सटवी म्हनालीस?"

"ते पण गं. किती उकरशील?"

चंद्रावती हसली, पदरानं डोळे पुसले. "जा गो, केलं माफ. पन मंग माजं पन एक हाय. तुजी ती तांबडी कोंबडी हरवलेली ना? ती आमी खाल्ली."

सफूराबीनं डोळे वटारले. "तरी म्हटलं! कुत्र्यानं नेली म्हणून शपथ घेतलेलीस तू!"

"मंग? माफ करतेस का नाय?"

"करते. झाली कशी होती?"

"चिवट."

दोघी खिदळत बसल्या. तेवढ्यात चंद्रावती अरबाजकडे वळली. "आनि तू रं? आयची मागितलीस का माफी?"

रिक्षा निघाली. अम्मी एकदम म्हणाली, "चंद्रा बरोबर बोलली. पण आधी मी मागते. तुझं बोटीवर नोकरीला जायचं ठरलेलं. मी छातीत दुखतं म्हटलं, तू राहिलास. काय दुखत नव्हतं मला. तुला अडवायचं होतं. माफ कर."

अरबाज तिच्याकडे वळला. वर्षानुवर्षं जासईचे कंटेनर मोजले ते या छातीसाठी! राग आला. गेलाही. ती हात जोडून बसली होती.

"केलं माफ," तो म्हणाला.

"आता तू."

"असेल ते माफ कर अम्मी."

"केलं." इतकं झटकन. ती बाहेर बघायला लागली, हलकी होऊन.

त्याला बसवेना. वडाळे तलावापाशी त्यानं रिक्षा थांबवली. उतरून कठड्याला टेकत सगळं सांगून टाकलं. पेट्रा, ताप, बस.

अम्मीही मागोमाग उतरली होती. "म्हणजे अजून केलं नाहीस?"

"नाही."

"न केलेल्याची माफी कशी देऊ? आधी सोडायचं असतं, मग मागायची."

"सोडवत नाही अम्मी. आणि समूदचं शहर ते नाहीच. ते सौदीत आहे. हे दुसऱ्या लोकांचं."

"दगडात कोरलेलं नाय काय?"

"आहे."

"लोक मेलेत ना सगळे?"

"मेलेत."

"मग?"

अरबाजनं एक खडा उचलून पाण्यात टाकला. अम्मी चिडून तलावाकडे बघत राहिली. "वाईट अडकवलंस मला. आत्ताच तुझ्याकडं अडवल्याची माफी मागितली. परत अडवलं तर ती फुकट गेली."

"मग जाऊ?"

"जा. मला खोटं सांगून नको, सांगून जा. पण अशा जागी आपल्या नबीनं सांगितलंय तसं जायचं. तिथलं पाणी प्यायचं नाय. आणि रडत आत जायचं."

"आणि रडू नाही आलं तर?"

"तर दारातूनच मागं फिर."

अरबाजनं ही अट धरलीच नव्हती. त्या लोकांचे राजे त्याला पाठ होते. डोंगरातून पाणी कसं खेळवलं, उदाचा व्यापार कुठल्या वाटेनं चालायचा, सगळं. पण त्यांच्यातल्या एकासाठी तरी डोळ्यात पाणी यावं, असं काहीच त्यानं वाचलेलं नव्हतं. इतक्या लांब जायचं, आणि दारातच मनात काही हललं नाही तर? अम्मीला फसवता आलं असतं. पण आता सांगून बसला होता.

तो कठड्याशी येरझाऱ्या घालायला लागला.

"चल ना," अम्मी रिक्षात बसत म्हणाली. "माझ्या भाचीचं, जास्मीनचं घर राहिलंय अजून. तिच्या लग्नात मी रुसून जेवले नव्हते."